तामूच्या पाहुण्यांसाठी रकियाचं ताजीन

आमच्या साफी गावात ताजीन घडवणारे हात गल्लोगल्ली सापडतील, पण त्या मातीच्या भांड्यात ताजीन नावाचंच कालवण शिजवावं ते आमच्या रकियानेच. मी सहजासहजी कुणाचं कौतुक करत नाही, गल्लीत कुणालाही विचारा. तिची नि माझी भिंत एक. तिच्या शेगडीवरचा वास आधी माझ्या घरात शिरतो.

नवरा मासेमारीच्या बोटीवर गेला तो परतला नाही, तेव्हापासून लोकांच्या लग्नाकार्यात रांधून तिने गिझलानला वाढवलं. गिझलान आता सत्तावीस वर्षांची. शिवणकाम करते, बोलते कमी. पलीकडच्या गल्लीतल्या बहीजाचा, मानाने आम्ही तिला लल्ला बहीजा म्हणतो, मुलगा अन्वर शाळेत मास्तर; तो तिच्या मनात भरला होता. तोंडाने ती काही बोलली नाही, पण आईला कळायचं ते कळलं.

मुलीच्या आईने आपण होऊन मुलाच्या दारात जाणं आमच्याकडे शोभत नाही. मध्ये कुणीतरी लागतं. रकियाने तामूला घातलं. दोघी लहानपणापासूनच्या मैत्रिणी, एका परातीत जेवून वाढलेल्या.

"तू फक्त लल्ला बहीजाच्या कानावर घाल," रकिया म्हणाली.

"घालते म्हणजे काय! गिझलान मला माझ्या पोटच्या सिहामसारखीच. पण घाई करू नकोस. मी सांगेपर्यंत गप्प बस."

रकिया गप्प बसली. पंधरा दिवसांनी तामू आली ती वेगळंच काम घेऊन.

"रविवारी गावाकडचे पाहुणे येतायत गं. माझा हात तुला ठाऊकच आहे, कुत्रंसुद्धा वास घेऊन निघून जातं. कोंबडीचं ताजीन करून देशील? तुझ्या त्या मोठ्या भांड्यात?"

"अगं, विचारतेस काय!"

त्या रविवारी भाज्या मी सोलल्या. रकियाने तळाला कांदा पसरला, त्यावर आलं, मिरी, हळद नि केशरात मुरलेली कोंबडी मांडली आणि जुनं लोणी बोटभर घातलं. मग गाजर, बटाटे, सलगम नि दुधी उभे रचत गेली, खालची कोंबडी पार दिसेनाशी होईपर्यंत. वर मटार, ऑलिव्ह आणि वर्षभर मिठात मुरलेल्या लिंबाच्या फोडी. टोपीसारखं झाकण ठेवलं आणि निखारे मंद केले. एकदा झाकण पडलं की तिच्या ताजीनात चमचा फिरत नाही. मी एकदा फिरवला होता, तर चार दिवस माझ्याशी बोलली नव्हती.

"गावाकडच्यांसाठी एवढं केशर?" मी म्हटलं.

"तामूचे पाहुणे ते माझे पाहुणे. तुझं काय जातंय?"

दुसऱ्या दिवशी भांडं परत घेऊन आली सिहाम. शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं नसतं. पोरीने घरात होतं ते त्यात घातलं होतं: मूठभर खजूर आणि निळ्या कागदातली साखरेची अर्धी ढेप.

रकिया ढेपेकडे बघतच राहिली. असली ढेप घेऊन गावाकडचे पाहुणे येत नाहीत. ती येते मागणी घालणाऱ्यांच्या हातातून.

"कुणाची मागणी आली गं?"

सिहाम लाजली. "लल्ला बहीजाच्या अन्वरची. मावशी, आईने तुम्हाला सांगितलं नाही? त्यांनी तुमच्या ताजीनाची इतकी तारीफ केली! आई म्हणाली, सिहामनेच केलंय. मला तर मान वर करवेना."

पोरीला बाकी काही ठाऊक नव्हतं, हे तिच्या तोंडावरूनच कळत होतं. रकियाने तिला बदाम दिले, अभिनंदन केलं, दारापर्यंत सोडलं. मग खाली बसली. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. आणि वर केसही हिचाच.

मी चवताळले. म्हटलं, "चल, आत्ताच्या आत्ता बहीजाच्या घरी जाऊन सांगू, कुणी रांधलं ते!"

"आणि सिहामचं काय?" ती म्हणाली. "तिची मागणी मोडली तर उद्या गल्ली तिलाच नावं ठेवील."

दहा दिवस तामू फिरकली नाही. मग एका दुपारी आली, तीही मान खाली घालून नव्हे.

"रकिया, शुक्रवारी लल्ला बहीजा येतेय, सून रांधताना बघायला. सिहामला शिकव गं, नाहीतर माझं तोंड काळं होईल. गिझलानसाठी दुसरा बघू की आपण! मी स्वतः बघते."

मी रकियाच्या कानात सांगितलं, "शिकव, पण लिंबू धुवायला सांगू नकोस. होऊ दे मिठाचा खडा." तिने माझ्याकडे असं बघितलं, की मीच ओशाळले.

शुक्रवारच्या आदल्या दिवशी रकिया तामूकडे गेली. मीही मागोमाग गेले. सकाळपासून दुपारपर्यंत तिने सिहामला सगळं शिकवलं, काही म्हणता काही हातचं राखलं नाही. लिंबू दोन पाण्यांतून धुऊन घ्यायलाही सांगितलं. झाकण उघडलं तेव्हा पोर आनंदाने रडायला आली.

ताजीन मेजावर आलं. आम्ही चौघी भोवती बसलो. तामूने भाज्या बाजूला सारल्या, कोंबडीची तंगडी तोडली आणि रकियाच्या बाजूला सरकवली. रकियाने भाकरीला हात लावला नाही.

"घे ना गं. अशी न जेवता बसलीस तर मला वाटेल, रागावलीस."

"रागवायला माणूस आपलं लागतं, तामू."

सिहामचा घास हातातच राहिला.

"तू येऊन म्हणाली असतीस," रकिया म्हणाली, "की रकिया, माझ्या सिहामसाठी अन्वर सोड, तर मी सोडला असता. गिझलानची समजूत काढली असती, आणि त्या दिवशी याहून चांगलं रांधलं असतं. तू मागितलंच नाहीस. तुला वाटलं, मी देणार नाही."

रकिया उठली, सिहामच्या डोक्यावर हात ठेवला आणि बाहेर पडली. मीही हातातली भाकरी खाली ठेवून तिच्या मागे निघाले.

घरी गिझलान शिवत बसली होती. तिने मान वर न करता विचारलं, "आई, तामूमावशीकडे जेवलीस का?"

"नाही," रकिया म्हणाली, आणि तेव्हा कुठे ती रडली.