माझ्या भाषणात विटलेला रंग

चहा घ्या आधी. कारण पुढं जे सांगणार आहे त्यात माझी इतकी शोभा झालीय, की हसून ठसका लागला तर मी जबाबदार नाही. हसून झाल्यावर थोडं वाईटही वाटेल. मला तर अजून वाटतं.

नामांतराच्या आंदोलनाचे ते दिवस. विद्यापीठ आज चालू, उद्या बंद. मी तिथं केमिस्ट्रीत पीएच.डी. करत होतो. विषय काय? उन्हापासून वीज करणारे रंग! असा रेणू घडवायचा, की त्याच्या एका टोकाला इलेक्ट्रॉन देणारा गट, दुसऱ्या टोकाला घेणारा, आणि मधे कार्बनची साखळी. ऊन पडलं की इलेक्ट्रॉन या टोकाकडून त्या टोकाकडे निघालाच पाहिजे. साखळी लांबवली की रंग गडद होतो, ऊन जास्त पितो. मी ती लांबवत लांबवत नेली. शेवटी असा निळाशार रंग निघाला, की मी त्याच्या प्रेमातच पडलो!

एक खोड मात्र होती. हा रंग उन्हात टिकायचा नाही. थोडा वेळ गेला की विटायला लागायचा. म्हणून त्याची काचपट्टी मी काळ्या फडक्यात गुंडाळून ठेवायचो. म्हणजे मला हे माहीत होतं. नीट लक्षात ठेवा, मला माहीत होतं!

वालूरला आमचे अण्णा, निवृत्त शाळामास्तर. त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू. परभणीच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलेलं, नजर हळूहळू जाणार. मी सुट्टीत ती पट्टी घेऊन घरी आलो तर म्हणाले, "दिगू, तुझा तो काटा हाललेला मला एकदा बघायचाय रे. दिसतंय तवर दाखव."

एवढंच मागणं. पट्टीला तारा जोडायच्या, ऊन दाखवायचं, मीटरचा काटा हलतो. दोन मिनिटांचं काम. तेव्हाच अंगणात दाखवलं असतं तर?

पण मी आधी हॉटेलात जाऊन चार लोकांना सांगितलं. झालं! देवगाव फाट्यापर्यंत काट्याचा बल्ब झाला, आणि सेलूच्या मोंढ्यात पोचेपर्यंत पाच हॉर्सपॉवरची मोटार. गल्लीतले किसनकाका घरी येऊन विचारून गेले, "पाइप आणू का? तेवढंच आमचं गवत भिजंल." मी नको म्हणालो, पण असा काही हसत, की त्यांना तो माझा विनय वाटला.

दुसऱ्या दिवशी सरपंच माणिकराव हजर. "गुरुजी, पोरानं गावाचं नाव काढलं. शाळेच्या मैदानात जाहीर कार्यक्रम घ्यायलाय आमी. लाऊडस्पीकर सांगून टाकलाय."

अण्णा हळूच म्हणाले, "आधी घरी बघू द्या की मला."

"तुमी तर पयल्या रांगेत बसणार, गुरुजी!"

मी अण्णांकडे बघितलंसुद्धा नाही. माझ्या डोळ्यांपुढं लाऊडस्पीकर होता.

मे महिन्यातली भर दुपार. टेबलावर पट्टी, शेजारी मीटर, पट्टीवर काळं फडकं. आता आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. आधी उद्घाटन, मग हारतुरे, मग भाषणं, आणि वेळ उरलाच तर मूळ काम! माणिकरावांनी आल्या आल्या फडकं ओढलं. टाळ्या! मी तारा जोडायला वाकलो, तर वाकलेल्या मानेत हार पडला. म्हटलं, सत्कार उरकू दे. मग शाल. मेमधे शाल! मग प्रास्ताविक. मग माइक माझ्या हातात.

आणि माइक हातात आला तसं माझ्या अंगातच आलं हो! रेणू सांगितला, साखळी सांगितली, सूर्य सांगितला. पट्टी माझ्या पाठीमागं. समोर अण्णा हात वर करून काहीतरी खुणावत होते. मला वाटलं, आभारात कुणाचं नाव राहिलं. गावात एक नाव राहिलं तर जन्मभर ऐकावं लागतं!

मी लगेच म्हणालो, "सोसायटीच्या चेअरमनसाहेबांचाही मी ऋणी आहे!"

अण्णा आता दोन्ही हातांनी खुणावायला लागले.

"हां, आणि हेडमास्तरांचाही!"

अण्णा उभेच राहिले. वडील उभं राहून दाद देतायत, आणखी काय पाहिजे? मी भाषण अजून वाढवलं.

शेवटी माणिकराव माझ्या कानाशी आले. "दिगंबरराव, त्ये निळं व्हतं ना? आता पांढरं दिसायलंय."

वळून बघतो तर पट्टी खिडकीच्या काचेसारखी स्वच्छ! तारा जोडल्या. काटा ढिम्म. नजर जात असलेल्या माणसाला तो रंग जाताना दिसला होता, आणि चांगले डोळे असून मी चेअरमनचे आभार मानत होतो.

लोक भले. कुणी हसलं नाही. किसनकाका म्हणाले, "आपलं ऊनच लय कडक हाय. पोराचा काय दोष न्हाई." सगळे उन्हाला नावं ठेवत घरी गेले. मी शाल पांघरून तसाच बसून राहिलो.

पुन्हा रंग करायचा तर रसायनं मुंबईहून यायची, त्यात विद्यापीठ कधी उघडं, कधी बंद. या वेळी मी साखळी आखूड केली. रंग फिका आला, पण टिकला. दोन वर्षांनी पट्टी घेऊन घरी पळत आलो. कुणाला सांगितलं नाही, अंगणात तारा जोडल्या. काटा हलला! चांगला हलला! पण तोवर अण्णांची नजर पार गेली होती.

मी त्यांचं बोट धरून मीटरच्या काचेवर ठेवलं.

"हालायलाय का?"

"हो अण्णा, हालतोय."

ते नुसतेच हसले. मला मात्र राहवेना. साखळी कशी आखूड केली, टोकं कशी बदलली, सगळं सांगायला लागलो.

"दिगू, गप बस बाबा," अण्णा म्हणाले. "तू बोलाय लागलास की त्याचा रंग उडतोय."