पिल्लांच्या गाडीचा पंखा

शेळगीतल्या त्या गल्लीत सुकन्याला सगळे पिल्लंवाली म्हणायचे. तोंडावर नाही, माघारी. त्यात वाईट काही नव्हतं, कारण कामच तसं होतं. तुळजापूर रस्त्याकडच्या हॅचरीतून कोंबडीची एक दिवसाची पिल्लं भरून घ्यायची आणि सांगोला, वेळापूर, नातेपुते या बाजूच्या पोल्ट्री शेडवर पोचवायची. व्हॅन नवऱ्याची, मानसिंगची. इतकी वर्षं तोच चालवायचा. आषाढात त्याच्या अंगावरून वारं गेलं आणि उजवी बाजू लुळी पडली. पुढे बोलणं परत आलं, पाय ओढत न्हाणीपर्यंत जाता यायला लागलं, पण हात तसाच राहिला, कुणाचा तरी उसना आणून खांद्याला लावल्यासारखा.

घर बसायची वेळ आली तेव्हा सुकन्याने गाडी काढली. गाडी तिला येत होती. लग्न नवं होतं तेव्हा मानसिंगनेच हौसेने माळावर शिकवली होती, लायसनही काढून दिलं होतं, आणि मग ‘तुला कुटं जायाचंय’ म्हणून विषय संपवला होता. सासूने, म्हणजे बजाबाईने, सून गाडीवर जाते म्हणून अबोला धरला. पण चूल काही अबोल्यावर पेटत नाही, तेव्हा तोही सुटला. हॅचरीतले सुपरवायझर अण्णाराव म्हणाले, भाऊ बरे होईस्तोवर चालवा वहिनी, पुढचं बघू.

बरे होईस्तोवर, हे सुकन्याने ऐकलं आणि कानामागे टाकलं. कारण पहिल्या महिन्यातच तिला कळून चुकलं होतं की हे आपल्याला आवडतंय. उजाडताना मंगळवेढ्याचा रस्ता रिकामा असायचा, मागे पिल्लांचा बारीक चिवचिवाट, आणि पुढे आपण. कुणी हाक मारत नाही, कुणी चहा मागत नाही. पिल्लं सुखात असली की कशी बोलतात आणि गारठली की कशी ओरडतात, ते तिला मागे न बघता समजायला लागलं. शेडवरचे लोक तिला ताई म्हणायचे, खुर्ची द्यायचे. हे आता सुटू नये, एवढंच तिला वाटायचं. दुसरं तिने कुणाकडे काही मागितलं नव्हतं.

आणि ऐन थंडीत गाडीतला हीटरचा पंखा बंद पडला.

पिल्लांच्या गाडीत हीटर म्हणजे कोंबडीचं पोट. मानसिंगने डॅशबोर्डाखालून एक जाड पाइप मागे नेला होता, त्यातून गरम हवा खोक्यांपर्यंत जायची. पंखाच फिरेना म्हटल्यावर गरमी पुढेच कोंडून राहिली. मागे पिल्लं ओरडायला लागली, मग एकमेकांखाली शिरायला लागली. सुकन्याने गाडी कडेला घेतली, अंगावरची शाल, सीटवरची चादर, होतं ते खोक्यांवर टाकलं, भोकं तेवढी उघडी ठेवली आणि देवाचं नाव घेत सांगोला गाठलं. तरी कोपऱ्यातल्या खोक्यात पिल्लं दबून मेलीच. शेडवाल्याने तिच्यासमोरच अण्णारावांना फोन लावला.

अण्णाराव तिला रागावले नाहीत. परवाच्या लोडला पंखा चालू पाहिजे, नाहीतर या थंडीपुरती दुसरी गाडी लावतो, एवढंच म्हणाले. गॅरेजवाल्याने गाडी बघितली, डॅशबोर्ड उतरवावा लागेल, आठवडाभर ठेवून जा म्हणाला. सुकन्या गाडी घेऊन घरी आली, दारापुढे उभी केली आणि मानसिंगला म्हणाली, “तुमी सांगा, मी खोलते.”

मानसिंगला खुर्चीत घालून अंगणात आणलं. आधी बॅटरीची वायर काढ म्हणाला, ती काढली. फ्यूज बघितला, तो ठीक होता. मग ती डाव्या बाजूला पाय ठेवायच्या जागेत आडवी झाली, डोकं खाली, पाय बाहेर. गल्लीतल्या बाया नळाचं पाणी भरता भरता बघत होत्या.

“पान्याचं तोंड कुटलं, एवडंबी कळंना व्हय गं तुला?” मानसिंग म्हणाला.

“कळतंय. तुमी जरा गप बसा की. माज्या डोळ्यात माती पडायलीय.”

पुढचा कप्पा निघाला. त्याच्या मागे मोटर होती, खालून स्क्रूंनी धरलेली. एकेक स्क्रू तिने आमटीच्या वाटीत ठेवला. मोटर खाली आली ती पिंजऱ्यासारखा पंखा घेऊनच, आणि पंख्याच्या पात्यांत पिवळट लव गच्च बसलेली. पिल्लांच्या अंगावरची लव. किती वर्षांची असेल कोण जाणे, नखाने उपसावी लागली. मोटरच्या आत वीज पोचवणारे दोन कार्बन असतात, ते घासून तुरीच्या डाळीएवढे उरले होते. तसे नवे काही मिळेनात. कोपऱ्यावर पंखे-मोटरी वाइंडिंग करणाऱ्याकडे गेली, त्याने मिक्सरचे कार्बन दिले, घासून बसवा म्हणाला.

“मिक्सरचं?” मानसिंगला हसू आलं. “चटणी वाटायचीय का गाडीत?”

“वाटते की. तुमाला लावायला.”

ते दोघं असं हसून बोलले त्याला बरेच महिने झाले होते. सुकन्या पायरीवर बसली आणि पॉलिश पेपरवर कार्बन घासत राहिली. बोटं काळी, नाक काळं. पहिल्यांदा बसवले तर अडकले, पंखा हाताने फिरवला तरी कुरकुरला. पुन्हा काढले, पुन्हा घासले. एकदा वाटलं, नाही जमत, ठेवून द्यावं. पण दुसरी गाडी लागली की ती पुन्हा सुटणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. उन्हं कलायला आली तेव्हा मोटर वर चढवली, बॅटरीची वायर लावली, बटण फिरवलं. पंखा आधी खोकला आणि मग घूं करून लागला. मागच्या पाइपातून राहिलेली लव भुर्रकन बाहेर उडाली. मानसिंगने डावा हात पाइपासमोर धरला.

“आली की गं हवा,” तो म्हणाला.

त्या वेळी तिला त्याचं फार बरं वाटलं. नंतर त्याने अण्णारावांना फोन केला आणि पंखा मी चालू केला, असं सांगितलं, तेही तिने ऐकलं. ऐकून सोडून दिलं. माणसाकडे उरलंय काय, एवढं तरी राहू दे, असं तिच्या मनात आलं.

संध्याकाळी बजाबाई म्हणाली, गाडी खोलून जोडलीय, नारळ फोडल्याबिगर रस्त्याला लावायची नाही. सुकन्यालाही ते पटलं. तिने जन्मात कधी नारळ फोडला नव्हता. बाईने तो फोडू नये, तिथे पुरुषाचा हात लागतो, हे ती लहानपणापासून मानत आली होती आणि त्यात तिला काही गैर वाटत नव्हतं. मानसिंगच्या हाताने तर फुटणार नव्हता. शेजारच्या कुणालाही हाक मारली असती तर काम झालं असतं. पण बजाबाईने नातेपुत्याला लेकीला फोन लावला आणि नातू बोलावून घेतला.

ऋतुराज सकाळच्या एसटीने आला. पोरगा वाईट नव्हता. कुठल्या कामावर टिकत नव्हता एवढंच. मामीच्या पाया पडला, शिरा खाल्ला. सुकन्याने स्टेअरिंगला हळदकुंकू लावलं, चाकांखाली लिंबं ठेवली, उदबत्ती ओवाळली. ऋतुराजने एका दणक्यात नारळ फोडला. बजाबाई म्हणाली, ज्यानं फोडला त्यानंच गाडी काढायची, शकुन असतोय.

किल्ली सुकन्याच्या कमरेला होती. तिने स्वतःच काढून त्याच्या हातात दिली. वर त्याला बटणही दाखवलं. दोनवर ठेव, चारवर कोरड्या हवेने पिल्लं सुकतात, मधे मधे मागचा आवाज ऐकत जा. तो नीट ऐकत होता, मान हलवत होता.

दुसऱ्या दिवशीच्या लोडला मानसिंग म्हणाला, त्याला संगती ने, रस्ता बघू दे. हॅचरीच्या फाटकाशी गाडी लागली तेव्हा स्टेअरिंगवर ऋतुराज आणि शेजारी सुकन्या. अण्णारावांचा चेहरा एकदम मोकळा झाला. बरं झालं, घरात माणूस आला, असं ते म्हणाले. त्यापुढच्या लोडला सुकन्याने यायची गरज नाही, असं ठरलं. कुणी ठरवलं ते तिला कुणी सांगितलं नाही.

थोडे दिवस तिने वाट बघितली. मग भाकरी वाढता वाढता म्हणाली, “मंगळवारचा लोड मी नेते.”

“ऋतुराज हाय की,” मानसिंग म्हणाला.

“त्यो हाय. पर गाडी मी चालवत हुते.”

“अडचण हुती म्हणून चालवलीस. आता कुटं अडचण हाय?”

“पंखा कुणी केला?”

“मी सांगितलं म्हणून केलास न्हवं?”

तो रागाने बोलला नाही. लहान मुलीची समजूत घालावी तसं बोलला, आणि तेच तिला जास्त लागलं. बजाबाई कोपऱ्यातून म्हणाली, “बस की आता निवांत. पाठ दुखती म्हणत हुतीस.” ते खरं होतं. एकदा म्हणाली होती.

तिने अण्णारावांना फोन करून बघितला. घरातलं घरात मिटवा वहिनी, मी मधे पडत नाही, म्हणाले. आवाजात माया होती. ऋतुराज लोड टाकून येतो, चप्पल काढता काढता सांगतो, “मामी, पंखा लई भारी चालतोय.” त्याला वाटतं, मामीला ऐकून बरं वाटेल.

आता सुकन्या घरीच असते. सकाळी तेल कोमट करून मानसिंगचा हात चोळते, बोटं एकेक करून उघडते, मिटते. अशी सेवा कुणी करत नाही, असं गल्लीतल्या बाया बोलतात. सोमवारी सिद्धेश्वरला जाते. पूर्वी तिथे उभी राहून ती त्या हातासाठी मागायची, नाव घेऊन, डोळे मिटून. आताही उभी राहते, डोळे मिटते, पण पुढे काय बोलायचं ते सुचत नाही. हात बरा झाला तर गाडी त्याची, नाही झाला तर ऋतुराजची. देवाला यात काय सांगायचं? ती बेल वाहते, हात जोडते आणि मागे रांग असते म्हणून बाजूला होते.