फांदी टेकेपर्यंत

चष्म्याच्या दुकानाचे मालक रस्त्यावरच्या झाडाला विष घालतात, ही आवई उठली शेजारच्या सलूनमधून. सलूनवाल्याने अर्ध्या गालाला फेस लावलेल्या गिऱ्हाइकाला सांगितलं, की चष्मेवाले रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी बादली घेऊन येतात, चोरासारखे इकडेतिकडे बघतात आणि बुंध्याशी काहीतरी काळंकुट्ट ओततात. गळ्याशी वस्तरा असल्यामुळे गिऱ्हाइकाने सगळं मुकाट ऐकून घेतलं आणि दाढी झाल्यावर गल्लीभर वाटलं.

गल्लीने विश्वास ठेवला, ही गल्लीची चूक. विष घालायला छाती लागते. चष्मेवाल्यांची छाती म्हणजे हँगरला टांगलेला शर्ट. रिकाम्या रस्त्यावरसुद्धा सिग्नल बदलेपर्यंत ताटकळणारा हा माणूस. बादलीत होतं ते खत. चांगलं कुजलेलं, पाण्यात कालवलेलं. झाड मारायला नव्हे, वाढवायला! आणि हे विषापेक्षाही वेडगळ प्रकरण होतं.

झालं असं, की चष्मेवाल्यांची मुलगी डोळे तपासायचं शिक्षण पुरं करून दुकानात बसायला लागली. बापाला आभाळ ठेंगणं झालं. त्यांनी नवी लांबलचक पाटी करून घेतली. एका टोकाला बैलगाडीच्या चाकांएवढ्या काचांचा चष्मा, मग ‘वडील आणि मुलगी’, आणि पुढे ‘डोळे तपासून मिळतील’. आता एवढी पाटी शहाण्या माणसाने दारावर लावली असती. पण रस्त्यापलीकडे चष्म्यांचंच एक चकचकीत दुकान झालं होतं, आणि त्यांच्या पाटीपेक्षा आपली वीतभर तरी उंच हवी, हा किडा ह्यांच्या डोक्यात वळवळत होता. म्हणून ती थेट पहिल्या मजल्याच्या खिडकीखाली ठोकली. रंगारी म्हणाला, “अहो, समोर झाड आहे.” हे म्हणाले, “नुसत्या काटक्या तर आहेत!” पानगळीचे दिवस होते. जन्मभर लोकांना नजर विकणाऱ्या माणसाला, झाडाला पानं परत येतात एवढं दिसलं नाही.

पानं आली. पाटीवर उरला चष्मा आणि ‘वडील’. मुलगी, डोळे, तपासणी, सगळं पाल्यात गडप. लोक यायचे, चष्म्याच्या काड्या घट्ट करून घ्यायचे आणि चालायला लागायचे. आतल्या खोलीत मुलगी नव्याकोऱ्या यंत्रासमोर हाताची घडी घालून बसलेली. शेवटी एकदा जेवताना ती म्हणाली,

“बाबा, समोरच्यांनी बोलावलंय मला. हा मोसम संपला की ये म्हणतात.”

चष्मेवाल्यांचा घास तोंडातच फिरायला लागला. “त्यांच्याकडे? आणि इथे?”

“इथे मी आहे हे कळतंय कुणाला? पाटी खाली घ्या, दारावर लावा. मग थांबते.”

“खाली घेऊ? समोरचा दात काढेल की!”

“मग फांदी तरी छाटून घ्या.”

हे त्यांना पटलं. एक खाली उतरणं सोडलं, तर चष्मेवाल्यांना जगातलं काहीही पटतं.

झाडखात्यातल्या बाईंनी मान वर न करता विचारलं, “सुकलंय? कललंय? पोकळ झालंय?”

“छे हो, चांगलं धडधाकट आहे. पाटी झाकतं.”

“पाटी हे कारण होत नाही. रस्त्यावरचं झाड शहराचं. फांदी भिंतीला, खिडकीला नाहीतर तारेला टेकत असली, तर आमची माणसं येऊन छाटतील. टेकते का?”

“वीतभर कमी पडते.”

“मग टेकली की या. आणि काका, स्वतः कोयता चालवलात तर दंड आहे, आधीच सांगून ठेवते.”

दुसरा कुणी बाहेर येऊन खात्याच्या नावाने दोन शिव्या हासडून मोकळा झाला असता. ह्यांनी नियम मनावर घेतला. फांदी टेकत नाही ना? टेकवू! आणि टेकवायची म्हणजे झाडाला खाऊपिऊ घालायला हवं. दुसऱ्या दिवसापासून बादली सुरू. दुपारी गिऱ्हाईक नसलं की वरच्या खिडकीतून अर्धे बाहेर लोंबकळून हे अंतर मोजायचे, तेही दोन बुबुळांमधलं अंतर मोजायच्या पट्टीने! खाली सलूनवाला कात्री हवेत धरून बघत राहायचा.

झाडाला असला पाहुणचार कधी मिळाला नव्हता. ते असं फोफावलं, की आधी ‘वडील’ गेले, मग चष्म्याची एक काच गेली. मुलीने एका सकाळी बादली पकडली.

“हे काय, बाबा?”

“खत.”

“आपली पाटी झाकणाऱ्या झाडाला?”

“तुला नियम माहीत नाही. फांदी टेकली की छाटतात.”

“कोण छाटतं? किती छाटतात? विचारलंत?”

“छाटतात म्हणजे छाटतात! त्यात काय विचारायचं?”

मुलीने कपाळावर हात मारला आणि आत गेली. मोसम संपत आला होता.

एकदाची फांदी खिडकीला टेकली. चष्मेवाल्यांनी धावत जाऊन अर्ज दिला आणि बाई माणसं, शिडी, करवत घेऊन आल्या. झाडाकडे बघून त्यांचा चेहराच उजळला.

“वा! ह्या रस्त्यावरची बाकीची झाडं बघा कशी मरगळलेली, आणि हे बघा! कुणीतरी मनापासून करतंय ह्याचं.”

चष्मेवाल्यांनी कौतुक गिळलं. एरंडेल गिळावं तसं. करवतवाला शिडीवर चढला, टेकणारा शेंडा हातभर कापला आणि उतरला.

“आता पुढचं?” चष्मेवाले म्हणाले.

“पुढचं काय? टेकत होतं तेवढं काढलं. नियमात तेवढंच बसतं,” बाई म्हणाल्या. “आणि काका, काळजी करू नका. कापलंय तिथे आता दाट फुटवा येईल. सावली काय छान पडेल तुम्हाला!”

दारात उभ्या मुलीने हे सगळं ऐकलं. ती ना हसली, ना रागावली. आत गेली, आपली पर्स घेऊन आली आणि म्हणाली, “बाबा, समोर जाऊन सांगून येते, उद्यापासून येते म्हणून.”

तेव्हा कुठे चष्मेवाल्यांच्या डोळ्यांवरची झापडं गळून पडली. मुलगी फूटपाथवरून खाली पाय टाकते न टाकते तोच हे ओरडले, “थांब! अहो, ती शिडी जरा राहू द्या!” आणि स्टुलावर चढतानाही भिंत धरणारा हा माणूस शिडी चढून पाटीचे स्क्रू काढायला लागला. करवतवाल्याला दया आली. दुसरं टोक त्याने धरलं. पाटी खाली आली, दारावर बसली, आणि मुलगी पर्स खुंटीला लावून यंत्रासमोर जाऊन बसली. थोड्याच वेळात एक आजी दाराशी थबकल्या, पाटी वाचून म्हणाल्या, “मुलगी तपासते का डोळे? बरं झालं,” आणि आत गेल्या.

समोरचा मालक पायरीवर उभा राहून दात काढतच होता. सलूनवाल्याला तर पर्वणीच. भर रस्त्यात कंगवा नाचवत तो ओरडला, “काय शेठ, आणलीत ना पाटी जमिनीवर? आता ती कोपऱ्यावरच्या बसस्टॉपवरून दिसेल का कुणाला?”

चष्मेवाल्यांनी हातांची धूळ झटकली आणि म्हणाले, “ज्यांना तिथून पाटी वाचता येते, त्यांना चष्मा कशाला लागतोय?”