कोरी वही

माझी थोरली बहीण मूर्ख आहे, हे मी आजवर तिच्या तोंडावर निदान शंभर वेळा बोललोय. त्यामुळे इथे लिहायलाही माझी काही हरकत नाही.

ताई शहराच्या पोहण्याच्या तलावावर जीवरक्षक होती. चौदा वर्षं. कंत्राटावर, दरवर्षी नवा कागद आणि तीच जुनी खुर्ची. गळ्यात शिट्टी, अंगात नारिंगी जर्किन, त्याच्या पाठीवर ‘जीवरक्षक’ अशी मोठी अक्षरं. खुर्चीखालच्या पेटीत एक वही असायची. कुणाला पाण्यातून बाहेर काढलं की त्यात तारीख, वेळ, नाव लिहायचं आणि शेवटच्या रकान्यात त्या माणसाची सही घ्यायची, असा तिथला नियम. मी बेकरीची गाडी चालवतो. तलावाच्या कँटीनला रोज पाव टाकायला जायचो. तेवढ्या येण्याजाण्यात मी स्वतः चार जणांना तिने वर ओढताना पाहिलंय. एक तर चांगला सहा फुटी गडी होता, पोटात पाणी गेल्यावर लहान पोरासारखा हिच्या गळ्यात पडला होता. आणि संध्याकाळी वहीत काय? ‘आज काही घडले नाही.’

“अगं, सही का घेत नाहीस?” मी विचारायचो.

“त्याच्या नाकातोंडातून पाणी गळतंय, बायकापोरं समोर उभी आहेत. त्याच्यापुढे वही काय धरायची? आधीच ओशाळलेला असतो रे माणूस. उद्या परत पोहायला येईल का तो?”

हिला जीव वाचवून पुरत नव्हतं, वर लोकांची अब्रूही वाचवायची होती.

चाळिशीनंतर जीवरक्षकाचं कंत्राट वाढवत नाहीत. त्याआधी प्रशिक्षकाची कायमची जागा मिळाली तर पाण्यात राहता येतं, नाहीतर नमस्कार. चाळिशीला पाच महिने उरले तेव्हा ताईने अर्ज दिला. तलावाच्या साहेबांनी वही मागवली, पानं उलटली आणि म्हणाले, “चौदा वर्षं तलाव फारच शांत होता म्हणायचा.” नोंदी नाहीत म्हणजे अनुभव नाही. दुसरा रस्ता एकच होता: दमसासाचा कस लागणाऱ्या कुठल्याही मोठ्या शर्यतीत पहिल्या तिनात आल्याचं प्रमाणपत्र.

आणि अशी एकच शर्यत मुदतीत बसत होती. तिघांचा संघ. आधी डोंगरावर धावायचं, मग सायकल, मग धरणाच्या पाण्यातून वल्ही मारत होडी पलीकडे न्यायची, शेवटी पुन्हा पाच किलोमीटर धावायचं. तिघांनी शेवटची रेघ एकत्र ओलांडायची. ताईने तिसरा भिडू म्हणून मला धरलं, कारण दुसरा भिडू म्हणजे भावजी. भावजी सुतार. खांद्यात हत्तीचं बळ, पण धावायला लागले की पाठीवर दार घेऊन निघाल्यासारखे दिसायचे. चार महिने आम्ही पहाटे उठून घाम गाळला. माझी तर बायको म्हणायला लागली, “प्रमाणपत्र ताईंना आणि चपात्या दुप्पट मी लाटायच्या!”

आदल्या दिवशी नियमांचा कागद मी मोठ्याने वाचून दाखवला. दुसऱ्या संघाला संकटात मदत करायला थांबलात, तर थांबलेला वेळ परत मिळेल. मात्र ज्यांना मदत केली त्यांच्या प्रमुखाची सही तुमच्या मार्गवहीत, म्हणजे संघाच्या नोंदवहीत हवी, आणि तीही पुढची तपासणी-चौकी सोडण्याआधी. मी ताईकडे बघितलं. ती हसली. मार्गवही आणि पेन प्लास्टिकच्या पिशवीत घालून मी माझ्याच गळ्यात अडकवली. हिच्यावर कोण भरवसा ठेवणार!

वादळाची सूचना आली होती. सायकलवर असतानाच वारा सुटला. वळणावर भावजी सायकलसकट आडवे झाले, उठले, पुन्हा बसले. पण आम्ही चांगले चाललो होतो. होडीत बसलो तेव्हा तिसरे होतो आणि दुसरा संघ हाकेच्या अंतरावर दिसत होता. निळ्या शर्टवाले, तिघंही पंचविशीच्या आतबाहेर. त्यांच्या प्रमुखाने त्या काळवंडलेल्या आभाळाखालीही गॉगल लावलेला, म्हणून मी त्याला गॉगल म्हणायचो.

मध्यावर आलो आणि पाऊस आडवा मारायला लागला. पाणी नुसतं उकळत होतं. वल्हं टाकावं तर वारा ते हातातून हिसकावून घेत होता. देखरेखीची मोटारबोट दुसऱ्याच कुणामागे गेलेली. आणि निळ्यांची होडी डोळ्यांदेखत पालथी झाली. दोन डोकी वर आली. तिसरं आलं नाही.

मी ओरडलो, “त्यांचं ते बघतील! ताई, वल्हव!” हे मी बोललो होतो. लपवून काय करू? तोवर तलावावरचं ते नारिंगी जर्किन होडीत टाकून ताई पाण्यात होती.

गॉगलचा पाय होडीच्या दोरीत अडकला होता. ताई दोनदा खाली गेली. दुसऱ्यांदा त्याला घेऊनच वर आली. त्याने तिला अशी मिठी मारली की दोघंही परत बुडायची. पण चौदा वर्षं तिने दुसरं केलं काय होतं? त्याला उताणा केला, हनुवटी धरली आणि आमच्या होडीपर्यंत आणला. तो “आई, आई” करत रडत होता. भावजींनी त्यांची होडी दोरीने आमच्या होडीला बांधली आणि आम्ही ती सगळी वरात काठाला लावली.

काठावरच्या चौकीत एक बाई ताडपत्रीखाली घड्याळ घेऊन बसली होती. तंबू उडून गेला होता. दोन्ही संघ एकाच मिनिटाला आले, एवढंच तिने टिपलं. ताईने आपलं नारिंगी जर्किन गॉगलच्या अंगात घातलं, त्याची पाठ चोळली, श्वास सरळ होईपर्यंत शेजारी बसली. मी पिशवीतून मार्गवही काढली, पेन काढलं.

तो ताईला म्हणाला, “माझे वडील आलेत बघायला. त्यांना कळू देऊ नका.”

“नाही कळणार, बाळा,” ताई म्हणाली. मग माझ्याकडे वळून हळूच, “आत्ता नको रे. पोरगं मेल्याहून मेल्यासारखं झालंय. निघायच्या आत देईल की सही, पळून चाललाय का?”

आणि मी वही परत पिशवीत घातली. निघायची घाई होती, आणि मनात मीही म्हटलं, देईल की. तर मूर्ख ती एकटी नव्हती.

पोरं तरणी. पंधरा मिनिटांत उठली आणि सहीचं नाव न काढता धावत सुटली. ताईच्या अंगात जर्किन नाही, पोटऱ्यांत गोळे आलेले. शेवटचे दोन किलोमीटर भावजींनी तिला कमरेला धरून आणलं. आम्ही चौथे आलो, तिसऱ्या आलेल्या निळ्यांच्या नऊ मिनिटं मागे. पाण्यात आणि काठावर आमची एकतीस मिनिटं गेली होती, ती मी चौकीतल्या बाईच्या घड्याळाशी माझं घड्याळ ताडून मोजली होती.

पंचांच्या टेबलाशी गेलो. पंच म्हणाले, “सही?” मी म्हटलं, त्यांनाच विचारा ना, तिथेच उभे आहेत! गॉगलला बोलावलं. जर्किन त्याने वाटेत कुठेतरी काढलं होतं. त्याचे वडील पाठीवर हात ठेवून मागे उभे. तो ताईच्या डोळ्यांत न बघता म्हणाला, “होडी उलटली होती, पण ती आम्हीच सरळ केली. या मावशी जवळून गेल्या असतील.” बाकीचे दोघं बुटांच्या नाड्या सोडत बसले.

गरज सरो, वैद्य मरो! माझं डोकंच फिरलं. “आईच्या नावाने गळा काढत होतास ना मघाशी?” मी ओरडलो. बाप त्याच्याकडे बघायला लागला. पोरगं पांढरंफटक पडलं. आणि ताईने, जिचं सगळं या एका कागदावर होतं तिने, माझा दंड धरला. “पुरे,” म्हणाली. पंचांनी नियमावर बोट ठेवलं. विषय मिटला.

घरी येताना गाडीत मी तिला वाट्टेल ते बोललो. “घाल तुझी ती माया चुलीत! चौदा वर्षं लोकांची लाज झाकलीस, तुझी कुणी झाकली? एक सही घ्यायला काय जीव जात होता?” भावजी खिडकीबाहेर बघत होते. ताई एकदाच म्हणाली, “खरंय तुझं.” मला त्याचं समाधान वाटलं होतं, हे आज सांगायची लाज वाटते.

चौथ्या दिवशी जर्किन आलं. धुतलेलं, इस्त्री केलेलं, घडी घातलेलं. सोबत चिठ्ठी नव्हती. तीन आठवड्यांनी ताई चाळीस वर्षांची झाली आणि साहेबांनी शिट्टी, किल्ली आणि तेच जर्किन जमा करून घेतलं.

आता ती एका मोठ्या सोसायटीच्या मुलांच्या तलावावर बसते. कमरेएवढं पाणी. खुर्ची प्लास्टिकची. गेल्या आठवड्यात तिथल्या दुकानात पाव टाकून मी सहज आत डोकावलो. सहासात वर्षांची एक मुलगी पाय घसरून पाण्यात गेली होती. ताईने तिला उचलून काठावर उभं केलं होतं. ओठ निळे पडलेले, दात वाजतायत, नाकातून पाणी. चारपाच पोरं तिला बघून खिदळत होती. ताईच्या खांद्यावर कोरडा टॉवेल होता. मला वाटलं, आता गुंडाळेल, छातीशी धरेल, पोरांना दटावेल.

ताईने खुर्चीखालून वही काढली. त्या तलावावर वही ठेवायचा नियमच नाही. ही तिने स्वतः विकत आणलेली. पेन नव्या शिट्टीच्या दोरीला बांधलेलं. तारीख लिहिली, वेळ लिहिली, मुलीला नाव विचारून ते लिहिलं आणि वही तिच्यापुढे धरली.

“मला थंडी वाजतेय,” मुलगी रडत म्हणाली.

“आधी सही.”

“मला सही येत नाही.”

ताईने मान वर करून माझ्याकडे बघितलं. मग तिने त्या मुलीच्या ओल्या बोटांत पेन दिलं, हात धरून तिच्या नावाचं एकेक अक्षर लिहून घेतलं, आणि नंतर टॉवेल दिला.