नौपाड्याच्या ओव्हनमध्ये न मावलेल्या टर्की

मित्रांनो, आज पार थकलोय.

मानपाड्याला घरामागे मी टर्की पाळतो, हे तुम्हाला माहितीये. नाताळच्या ऑर्डरसाठी सकाळी सगळे पक्षी टेम्पोत घालून नौपाड्याच्या केटररकडे गेलेलो. ही ऑर्डर झाली की रविवारी माझ्या मैत्रिणीच्या, स्वातीच्या बाबांना लग्नाचं विचारायला भेटायचं ठरलंय. कॉलेज सोडलेल्या पोराकडे दाखवायला दुसरं आहे काय?

केटरर पक्षी बघून म्हणाला, "अरे, हा माझ्या ओव्हनमध्ये मावणार कसा?"

"'मोठे करून आण' असं तुम्हीच म्हणालेलात ना? वजनावर पैसे म्हणून महिनाभर जास्त खाऊ घातलं."

"मोठे म्हणालो रे, शहामृग नाही! तुकडे करून ब्रॉयलर कोंबडीच्या भावाने घेतो."

त्या भावात खाद्याचा खर्चही सुटत नाही. माझी सटकली. "राहू दे" म्हणालो आणि सगळे परत आणले. टेम्पोचं भाडं दोन्हीकडचं गेलं.

स्वातीला फोन केला. ती एवढंच म्हणाली, "राग तुझा रे, पण खायला त्यांना रोज लागतं ना?"

खरंय. ठेवले तर खाणार, आणि खाल्लं तर अजून फुगणार. उद्या त्याच माणसाकडे तोच ब्रॉयलरचा भाव मागायला जातोय.

रविवारी तिच्या बाबांनी "धंदा कसा चाललाय?" विचारलं, तर काय सांगू?