चांदीची धाव आणि सडकेची माती

एका सुताराला चोर ठरवलं गेलं, ते माघातल्या शंकरपटाच्या आधीच्या बाजाराच्या दिवशी, भर चावडीवर, सारं गाव जमलेलं असताना. हे आधीच सांगून टाकतो. त्या पटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, कुणाची जोडी पुढे आली ते गावाला पाठ आहे, ही गोष्ट मात्र कुणाला आठवत नाही. मला आठवते. तेव्हा मी अकोटच्या बाजूला एका चौकीवर जमादार होतो. पुढे नोकरी सोडली, आता पत्रकं लिहितो. नावं घेत नाही. ज्यांची आहेत त्यांना कळेल.

दिवस कापसाचे होते. अमेरिकेत लढाई पेटली होती आणि विलायतेच्या गिरण्या आमच्या कापसाकडे डोळे लावून बसल्या होत्या. कास्तकारांच्या हातात कधी नव्हे तो पैसा खेळू लागला आणि पहिली हौस फिटली ती रेंगीवर. रेंगी म्हणजे बसायची हलकी बैलगाडी. गोठ्यामागे मोडून पडलेल्या जुन्या रेंग्या लोकांनी बाहेर काढल्या, नवे आरे बसवले, रंग दिला, जुवाला पितळ मढवलं. संध्याकाळी त्या चौकीवरून मिरवत जायच्या. एखादा मुद्दाम थांबायचा. "जमादार, चाकाचा आस ऐका आस. आवाज येते का?" आवाज येत नाही, हीच त्याची फुशारकी.

या सगळ्या रेंग्या उभ्या केल्या त्या एकाच सुतारानं. त्याची स्वतःचीही एक होती. कुणीतरी सरपणाला काढलेली गाडी मागून आणून त्यानं सांधा सांधा जुळवला होता. त्या वर्षी तो ती पटाला नेणार होता.

एका बड्या कास्तकारानं मात्र सगळ्यांवर कडी केली. चाकाच्या लोखंडी धावेवर, म्हणजे जमिनीला टेकणाऱ्या पट्टीवर, त्यानं चांदीचा पत्रा ठोकून घेतला. त्या रेंगीतून तो हौसेनं अकोल्याला जायचा आणि परत यायचा. पटाच्या तोंडावर एक आरा ढिला झाला म्हणून चाक सुताराकडे आलं. सुतारानं आरा बसवला, चिखल आणि वंगणाचा थर धुऊन काढला. खाली लोखंड! चांदी फक्त कडेला, चिंधीसारखी.

कास्तकार आधी चावडीवर ओरडला, मग चौकीवर आला. "चाक देल्लं तवा चांदी होती, आता नाही. याच्याहून सरळ काय पायजे तुमाले?"

दरोगासाहेबांनाही ते सरळच वाटलं. सुतार कोठडीत गेला. त्याची हत्यारं जप्त झाली, रेंगीही बैलांसकट चौकीच्या आवारात आली. गुन्हा शाबीत झाला असता तर तुरुंग होताच. पण त्याहून मोठं म्हणजे, पुन्हा कुणी त्याच्या अंगणात चाक ठेवलं नसतं.

जबानी माझ्यासमोर झाली.

"चाक आलं तेव्हा चांदी होती का?" दरोगासाहेबांनी विचारलं.

"चिखलाचा गोळा होता साहेब. त्याच्याखाली काय होतं, मले काय माहीत?"

"मग धुतलंस कशाला?"

"न धुता आरा कसा बसवू? तुमी तोंड न धुता जेवता का?"

शिपाई हसला. दरोगासाहेब हसले नाहीत. "चांदी कुठे विकलीस?"

"विकली असती तं माह्या रेंगीच्या बैलायले झुली घेतल्या असत्या. पाहा बाहेर, उघडेच हायेत."

मग बाजारात खबर लागली. झारेकरी, म्हणजे सोनाराच्या दुकानासमोरची धूळ धुऊन तिच्यातलं सोनं-चांदी काढणारे लोक, सोनारगल्ली सोडून अकोल्याच्या सडकेवर माती भरत होते. दरोगासाहेब खूश झाले. माल यांच्याचकडे, असं म्हणून त्यांनी मला पाठवलं.

नाल्यात एक झारेकरीण लाकडी थाळीत माती धुवत बसली होती.

"ही माती कुणाची?"

"सरकारची. पायजे तं घेऊन जा, जड हाये."

"सडकेची माती काहून धुऊन राहिली?"

"सोनाराच्या दारची काहून धुतो आमी? तिथं पडते म्हणून. इथंबी पडते."

"कोण पाडते?"

"तोच तुमचा चांदीच्या चाकाचा राजा. त्याची रेंगी गेली का आमी मांगून झाडू घेऊन. नव्या खडीच्या चढावर लय पडते. देव त्याले अजून चार चाकं देवो!"

तिनं थाळी हलवली. काळ्या गाळाच्या तळाशी कण चमकले.

मी थाळीसकट तिला चौकीवर आणलं, पंचांना आणि कास्तकाराला बोलावलं आणि चाक उजेडात फिरवलं. पत्र्याचा खिळा न् खिळा जागेवर होता, फक्त माथे घासून सपाट झालेले. पत्रा चोरणारा खिळे उपटतो, जागेवर ठेवून घासत बसत नाही. ज्या खडीवर लोखंडाची धाव झिजते, तिच्यावर चांदी काय टिकणार? पण मालक वर बसून बघणाऱ्यांकडे बघत होता. खाली कोण बघतो?

कास्तकारानं खिळ्यांवरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाला, "म्हंजे मीच उधळली?" आणि लगेच, "जमादार, हे चावडीवर नका सांगू. लोकं हासतील. मी फिर्याद मांग घेतो."

दरोगासाहेबांनीही तेच धरलं. "सुटला ना तो? मग बोभाटा कशाला?"

कागदावर 'फिर्याद मागे घेतली' एवढंच लिहिलं गेलं. सुतार सुटला तेव्हा पट उरकला होता. त्याची रेंगी आवारातून तशीच घरी गेली. गाव म्हणालं, मालकानं दया केली. रेंगीवाले आपली चाकं बैलगाडीत घालून पार अचलपूरला नेऊ लागले.

नोकरी सोडल्यावर मी सुताराकडे गेलो. म्हटलं, मी गावाला सांगतो खरं काय ते.

"सांगून पाहा," तो रंधा चालवत म्हणाला. "मी सांगतलं तवा म्हणले, पोलिसाले चांदी चारली असंल यानं."

त्या दिवशी मला माझ्या खात्याचं काम किती अर्धं असतं ते समजलं. माणूस कोठडीतून काढला म्हणजे आम्ही मोकळे. आळ तसाच राहतो, कारण तो आम्ही घातलेला नसतो. गावानं चावडीवर घातलेला असतो, आणि तिथून तो फक्त गावच काढू शकतं. सुताराच्या हातची रेंगी दारात उभी करून त्यालाच चोर म्हणता, लाज कशी वाटत नाही?

रेंगीवाल्यांनो, यंदाचा पट जवळ आला आहे. त्याआधीच्या बाजाराला चावडीवर या आणि सगळ्यांसमोर म्हणा, यानं चोरी केली नाही. कास्तकारभाऊ, पहिलं तुम्ही म्हणा. लोकं हसली तर हसू द्या. मग आपापलं चाक उचला, त्याच्या अंगणात नेऊन टेकवा, आणि पटाला पहिली रेंगी त्याची सोडा.