मेळघाटातून आणलेला ताप

राजापेठेतल्या घरून आम्ही मेळघाटला निघालो तेव्हा आई दारात उभी होती. "जंगलात काय ठेवलं हाय? झाडं अन् गोचिडी. झाडं तं आपल्या दारात बी हायेत."

माझी बायको सुमन अकोल्याची. कापसाच्या गाठी सोडल्या तर रान म्हणावे असे तिने काही पाहिले नव्हते. ती मुकाट्याने मोटारीत जाऊन बसली. लग्नानंतर सासूचे न ऐकण्याची तिची ही पहिलीच वेळ.

परतवाड्याला चहा घेतला आणि घाटातल्या वळणांवर सुमनचा तो उलटून वाया गेला. सेमाडोहला उतरल्यावर मात्र साग-बांबू बघून तिचा चेहरा असा खुलला, की मला आईचा रागच आला. तिथले नाकेदार (वनरक्षक) आम्हाला रान दाखवायला आले.

"गवतात बसू नोका, बाई." त्यांनी एक पाते दाखवले. टोकावर गोचीड (जनावरांचे रक्त पिणारा किडा) पुढचे पाय पसरून बसली होती, मोटारीला हात दाखवावा तशी.

"कोणाची वाट पाहून राहिली?" सुमनने विचारले.

"सांबर येवो का साहेब येवो, तिले सारखंच."

ते गेल्यावर आम्ही त्याच गवतात बसून भाकरी खाल्ली. सावली तिथेच बरी होती.

परतल्यावर आठवड्याने सुमनला ताप चढला. हिवतापावरचे कोयनेल देऊनही उतरेना. मनगटांवर, तळव्यांवर लाल पुरळ आले आणि ती मधूनच बरळू लागली. मी धावत जाऊन डॉक्टरांना घरी आणले.

डॉक्टर म्हणाले, "हा हिवताप दिसत नाही. गोचिडीच्या पोटातले जंतू रक्तात गेले की असा ताप येतो. त्याचं औषध वेगळं, आणि ते आजच सुरू व्हायला हवं. गोचीड चावली होती का?"

सुमनने दारातल्या आईकडे पाहिले. "नाही."

मी शपथ घातली. तरी "नाही." जीव गेला तरी चालेल, पण सासूचे खरे होऊ द्यायचे नाही, असे तिने ठरवले असावे.

आई आत येऊन तिच्या उशाशी बसली. "ते तं जातच नव्हती, डॉक्टरसाहेब. मीच पाठवलं तिले. रान पाहून ये म्हटलं."

मग सुमनने पदर सारला आणि कमरेवरची काळी खपली दाखवली.

"दोन होत्या, आई," ती म्हणाली.

औषध लागू पडले. आता मेळघाट कसा आहे असे कोणी विचारले, की आई त्याचे वर्णन करते. ती तिथे कधीच गेलेली नाही. सुमन शेजारी बसून ऐकते आणि एकही चूक काढत नाही.